तारखेला एक चौकोन द्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
एफडीए भवन, कोटला रोड, नवी दिल्ली



आपल्याकडे येणारी पत्रं बहुतेक कंपन्यांची, वकिलांची आणि व्यापारी संघटनांची असणार. हे पत्र माझ्या नवऱ्याबद्दल आहे. नवऱ्याची तक्रार घेऊन थेट दिल्ली गाठायची म्हणजे जरा अतिच झालं, असं आमच्या घरातही म्हणून झालंय. पण या भांडणातला निम्मा मुद्दा आपल्या अखत्यारीत येतो, म्हणून लिहिते.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि घरचा किराणा त्यांनी आपणहून अंगावर घेतला. मी अजून कॉलेजात शिकवते, त्यामुळे वाटणी रास्तच होती. यादी खिशात ठेवायची, ती खिशातच राहू द्यायची आणि येताना यादीत नसलेलं अर्धं दुकान घेऊन यायचं, ही त्यांची पद्धत. त्याचंही एवढं काही नाही. पण उचललेल्या वस्तूवरची तारीख ते बघत नाहीत. उद्या संपणारं दही येतं. परवा संपणारं पनीर येतं, आणि तेही अर्धा किलोचं, कारण मोठं पाकीट स्वस्त पडतं. एकावर एक मोफत म्हणून सॉसच्या बाटल्या येतात, आणि त्यांचे उरलेले दिवस पाहता आम्ही दोघांनी रोज वाटीभर सॉस प्यायला हवा. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "अगं, दुकानदार ओळखीचा आहे, तो कशाला जुनं देईल?"

तो देत नाहीच. तो फक्त पुढे मांडतो, उचलतात हे.

दुकानाचं तंत्र आपल्याला मी सांगायला नको. नवा माल आला की तो मागे सरकवायचा, आधीचा पुढे ओढायचा, म्हणजे आधी आलेलं आधी जातं. यात फसवणूक नाही. उलट असं न करणारं दुकान गबाळं म्हणायचं. पण त्यामुळे हाताशी येणारी पिशवी ही नेहमी त्या फळीवरची सगळ्यांत म्हातारी पिशवी असते. मी मागे हात घालते. शेजारच्या काकू तर अख्खी रांग बाहेर काढून बघतात. आमचे हे मात्र पुढचं पाकीट घेऊन, दुकानदाराला क्रिकेटचा स्कोअर विचारून, मोकळे होतात. आणि कायद्याने त्यात कुणाचंच काही चुकत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम २७ मुदत उलटल्यावर विकलेल्या मालासाठी विक्रेत्याला जबाबदार धरतं. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी विकलेलं पनीर पूर्ण कायदेशीर असतं. म्हणजे मुदत संपेपर्यंतची राखण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर सोपवलेली आहे. डोळे आमच्या घरातून कुणाचे जातात, ते वर सांगितलंच.

आता गंमत बघा. याच माणसाने उभी नोकरी तारखा वाचण्यात घालवली. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली, तेव्हा काउंटरवर लोकांशी रोज वाद व्हायचे आणि ते घरी रंगवून सांगितले जायचे. 'स्टेल' चेक, म्हणजे मुदत गेलेला, आणि पुढच्या तारखेचा चेक आपल्या हातून कधी सुटला नाही, याचा त्यांना अजून अभिमान आहे. त्यात नजरेची कमाल थोडी आणि कागदाची जास्त. बँक कुठलीही असो, चेकवर तारीख उजव्या वरच्या कोपऱ्यात असते. तिथे आठ चौकोन छापलेले असतात, दिवसाचे दोन, महिन्याचे दोन, वर्षाचे चार. चेक हातात येण्याआधीच नजर तिथे पोचलेली असते. माणूस कितीही वेंधळा असो, आठ चौकोन रिकामे किंवा जुने आहेत हे त्याला दिसतंच.

पाकिटावर मात्र तारीख शोधावी लागते. ती कुठे कुठे सापडते, याची मी आता जाणकार झाले आहे. बिस्किटाच्या पुड्यावर ती टोकाच्या चुण्यांत दाबून उमटवलेली असते आणि पुडा उजेडाकडे तिरका धरला तरच वाचता येते. तेलाच्या बाटलीवर ती मानेपाशी, पारदर्शक प्लॅस्टिकवर, आतल्या तेलाच्या रंगात हरवलेली. जॅमच्या बरणीवर झाकणाच्या कडेला. आइस्क्रीमच्या डब्याच्या बुडाला, तिथे बर्फ चढलेला. मसाल्याच्या पुड्यावर गडद लाल रंगावर काळ्या ठिपक्यांत. आणि पाठीमागे, जिथे सगळा मजकूर छापलाय तिथे, इंग्रजीत एक ओळ: बॅच क्रमांक, तारीख आणि किंमत पाकिटावर पाहा. अहो, पाकिटावरच तर पाहतोय!

असं का होतं, हेही मी समजून घेतलं. वेष्टन छापलं जातं ते एका कारखान्यात, खूप आधी, रिळांच्या रिळं. तारीख पडते ती दुसरीकडे, माल भरून झाल्यावर, सरकत्या पट्ट्यावर पाकीट धावत असताना. शाईचा फवारा मारणारं यंत्र ठिपक्याठिपक्यांनी आकडे काढतं. पट्टा जरा तिरका चालला, पाकिटाला तेलाचा हात लागला, शाई वाळायच्या आत दुसरं पाकीट घासलं, की आठाचा तीन होतो. वेष्टनावरचा हसणारा मुलगा, वाफाळती वाटी, 'नवीन चव' ही चांदणी, या प्रत्येकाची जागा कुणीतरी बसून, पैसे घेऊन ठरवलेली असते. तारीख मात्र जिथे जागा उरेल तिथे जाऊन पडते. काही कंपन्या तिच्यासाठी पांढरी पट्टी मोकळी ठेवतात, त्यांच्या पाकिटावर ती लख्ख दिसते. म्हणजे जमतं. त्याला नवं यंत्र लागत नाही, वेष्टनाच्या चित्रात बोटभर पांढरी जागा सोडावी लागते.

आपण काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांत आपण 'यूज बाय' म्हणजे अमुक तारखेपर्यंतच वापरा, ही तारीख सक्तीची केलीत आणि 'बेस्ट बिफोर', म्हणजे अमुक तारखेपूर्वी उत्तम, ही ऐच्छिक ठरवलीत. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख एका जागी लिहा, असंही सांगितलंत. हे चांगलं केलंत. पूर्वी उत्पादनाची तारीख झाकणावर, 'पॅकिंगपासून नऊ महिने' हे पाठीवर, आणि बेरीज गिऱ्हाइकाने रांगेत उभं राहून करायची, असा प्रकार सर्रास होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण एका जागी म्हणजे कुठल्या जागी, हे नियम सांगत नाही. अक्षरांची किमान उंची मिलिमीटरांत दिली आहे, पण काळ्यावर काळं छापलं तर उंचीचा काय उपयोग? आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वस्तूवर नुसता महिना आणि वर्ष पुरतं. त्या महिन्याची पहिली तारीख धरायची की शेवटची, यावर आमच्याकडे एकदा जेवण थंड झालं होतं.

दोन प्रकारच्या तारखा हा तर घरातला कायमचा वाद. माझ्या सासूबाईंना तारीखच मान्य नव्हती. त्या वास घ्यायच्या, बोटावर घेऊन चाखायच्या आणि निकाल द्यायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात ते चालायचंही, कारण तिथे मुदत ठरवणारं दुसरं शास्त्र होतं. वर्षाचे गहू-तांदूळ उन्हात खडखडीत वाळवून, एरंडेल चोळून कोठीत जायचे. लोणच्याला मीठ किती आणि वर तेल किती, हे ठरलेलं. कुरडया-पापड होळीनंतरच्या उन्हात व्हायचे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डब्यात राहायचे. बरणीत ओला चमचा घातला तर घर डोक्यावर घ्यायच्या. त्या सगळ्यावर कुणी तारीख छापत नव्हतं, पण कधी घातलंय आणि कधीपर्यंत संपवायचंय, हे त्यांना तोंडपाठ असायचं. आमच्या ह्यांनी त्यातला फक्त वास घेण्याचा भाग उचलला आहे. पनीरला नाक लावून ते म्हणतात, "चांगलं आहे की." आता नाकाला आंबलेलं, नासलेलं कळतं, कारण ते करणारे जीवाणू वास सोडतात. ज्यांच्यामुळे माणूस आजारी पडतो, ते वास सोडतीलच असं नाही. फ्रीजमधल्या दुधादह्याच्या, मांसामाशाच्या पदार्थांवरची मुदत म्हणूनच नाकावर सोडायची नसते.

उलट पोहे, रवा, बिस्किटं, डाळी यांवरची 'बेस्ट बिफोर' तारीख उलटली म्हणजे विष झालं असं नाही. चव, कुरकुरीतपणा, वास थोडा कमी होतो, आणि पदार्थ नीट ठेवला असेल तर तो बहुतेक वेळा खाण्यासारखाच असतो. पण आमच्या सोसायटीतल्या एक बाई तारीख गाठली की त्याच दिवशी रव्याचं बंद पाकीट कचऱ्यात टाकतात, आणि शेजारच्याच घरातल्या दुसऱ्या बाई चार दिवस उलटलेलं ताक नाक दाबून पितात. दोघींनीही तारीखच वाचलेली नसते, आकडा वाचलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. त्यातलं किती तारखेच्या गोंधळापायी जातं, ते सोडा. आमच्या घरचा वाटा अर्धा किलोच्या पनीरचा असतो, हे मला माहीत आहे.

शिवाय ती तारीख गृहीत धरते की माल सांगितल्यासारखा ठेवला जाईल. आमच्याकडे पनीर दुकानाच्या फ्रीजमधून निघतं ते स्कूटरच्या डिकीत जातं, आणि डिकी गंगापूर रोडवरच्या कट्ट्यावर चहा संपेपर्यंत उन्हात उभी असते. त्यावर कुठलाही नियम करता येणार नाही, याची मला कल्पना आहे. तो भाग माझ्याकडे लागला.

तारीख असून न दिसण्याचं आणखी एक उदाहरण मिठाईचं. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं आपण बंधनकारक केलंत. संकष्टीला पेढे आणायला जाते तेव्हा मी ती पाटी बघते. काही दुकानांत ती असते, काहींत नसते, आणि काहींत ती काचेच्या आत दुकानदाराकडे तोंड करून उभी असते. त्याला तर माहीतच आहे हो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण घरपोच किराणा देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना बजावलंत की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मालाची निदान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला. मोबाइलवर बोट ठेवून माल मागवणाऱ्याला एवढं संरक्षण, आणि जो पिशवी घेऊन, रांगेत उभा राहून, वाढत्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी फळीसमोर उभा आहे, त्याने आपलं आपण बघायचं? मला दुकानांवर तोच नियम नकोय. तसं झालं तर मुदत जवळ आलेला सगळा माल परतीच्या गाडीत जाईल, म्हणजे शेवटी कचऱ्यात. मला एवढंच हवंय की मुदत जवळ आलेला माल वेगळ्या फळीवर, वेगळ्या पाटीखाली आणि कमी भावात मांडायला दुकानांना उत्तेजन मिळावं. आज संध्याकाळीच ज्यांना पराठे करायचेत, त्यांनी आज संपणारं पनीर जरूर घ्यावं. जपानमध्ये दुकानांतून पाट्या लावतात, लगेच खाणार असाल तर पुढचं उचला, म्हणून. पुढचं उचलणारा माणूस तिथे शहाणा ठरतो, कारण तो बघून उचलतो. आमच्याकडचा माणूस न बघता उचलतो आणि आठवड्याने खातो.

डिसेंबर २०२४ मध्ये मुदतबाह्य आणि नाकारलेल्या मालाचा हिशेब कंपन्यांकडून दर तिमाहीला मागवायला आपण सुरुवात केलीत. तारखा पुसून नव्या मारणाऱ्यांना त्याने आळा बसेल, अशी आशा आहे. शाईचे ठिपके द्रावणाच्या बोळ्याने पुसता येतात, हे त्या लोकांना आपल्याआधी कळलेलं असतं. म्हणून तारखेसाठी जो ठरलेला चौकोन मी मागते आहे, त्याला एक पुरवणी जोडा: तिथली शाई पुसली तर खालचा कागदही खराब झाला पाहिजे, म्हणजे खाडाखोड लपणार नाही. चेकवर खाडाखोड चालत नाही, हे ह्यांना विचारा, अर्धा तास सांगतील.

भाषेचंही बोलायला हवं. लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, असा आपला नियम आहे. मराठी जोडीला घातली तर चालते, पण सक्ती नाही. व्यवहारात बहुतेक पाकिटांवर इंग्रजीच दिसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सातवी शिकलेल्या आहेत. आकडे त्यांना कुठलेही वाचता येतात, पण 'एक्सपायरी' आणि 'मॅन्युफॅक्चर' यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून कुठला आकडा कशाचा, हे त्यांनी कसं ओळखायचं? त्या वरची तारीख ती शेवटची असं धरतात, आणि वर बहुधा उत्पादनाची असते. म्हणजे कालच बनलेली वस्तू त्यांच्या लेखी संपलेली. परदेशातून आलेल्या मालाची आणखी तऱ्हा, तिथे काही पाकिटांवर महिना आधी आणि दिवस नंतर. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे? आयातदाराने वर आपली चिठ्ठी डकवलेली असते, पण ती कधी कधी नेमकी मूळ तारखेवरच बसते.

आता आपण म्हणाल, बाई, नवरा बघत नाही, त्याला चौकोन देऊन काय होणार?

याचा मी विचार केला आहे. आमचे हे बघत नाहीत, कारण मी बघते. किराणा आणणं त्यांच्याकडे गेलं तरी किराणा तपासणं माझ्याकडेच राहिलं. कॉलेजातून आल्यावर पिशवी ओट्यावर रिकामी होते, एकेक पाकीट उजेडाकडे धरून मी तारखा वाचते आणि फ्रीजच्या दारावर कुठली वस्तू आधी संपवायची ते लिहिते. माझ्या मैत्रिणींच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चालतं. पुरुष आता बाजारात दिसतात, पिशव्या उचलतात, फोनवर "कोणता ब्रँड?" असं विचारतात, आणि त्याचं कौतुकही होतं. तारखांचं खातं मात्र अजून बायकांच्याच नावावर आहे. ते कामात धरलं जात नाही, कारण ते दिसत नाही. आणि हे खातं बदलायची गोष्ट काढली की समोरून ढाल येते, "अगं, सापडतच नाही ती तारीख." दुर्दैवाने ते अगदीच खोटं नसतं. चष्मा लावून, पाकीट फिरवून मलाही कधी कधी मिनिटभर लागतं. मला ती ढाल काढून घ्यायची आहे. तारीख चेकसारखी एका ठरलेल्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर काळी आली, की मग जो बघत नाही, त्याला बघायचं नाही एवढंच कारण उरतं. त्या कारणाशी कसं वागायचं, ते मी बघून घेईन. त्यासाठी प्राधिकरणाला तसदी देणार नाही.

साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांचं प्रमाण लेबलवर ठळक आणि मोठ्या अक्षरांत दाखवण्याच्या प्रस्तावाला आपण जुलै २०२४ मध्ये मंजुरी दिलीत. म्हणजे ठळक कसं करायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. तारखेसाठी तेवढंच मागते आहे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला, उजव्या वरच्या कोपऱ्यात, पांढरा चौकोन. त्यात फक्त एक तारीख, वापरण्याची शेवटची, दिवस-महिना-वर्ष आकड्यांत. बाजूला एकच शब्द, इंग्रजी-हिंदीबरोबर त्या त्या राज्याच्या भाषेत. उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक मागे जिथे आहेत तिथे सुखाने राहू देत. लहान पुड्यांना जागा नाही, अशी ओरड कंपन्या करतील. पाच रुपयांच्या पुड्यावर चित्रातला नट मावतो, तारीखही मावेल.

आणि हे वाचणाऱ्या ग्राहकांना एक सांगणं. मुदत गेलेला किंवा तारीख खोडलेला माल मिळाला तर दुकानदाराशी भांडून घरी येऊ नका, पाकिटाचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि महाराष्ट्रातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

साहेब, लेबलच्या नियमांतले बदल १ जुलैपासून लागू करण्याची आपली पद्धत आहे, आणि कंपन्यांना तयारीला काही महिने द्यावे लागतात, हेही मान्य. येत्या जुलैला नाही जमलं तर पुढच्या जुलैला करा. पण अधिसूचना या वर्षी काढा.

आपली,
किराणा तपासून घेणारी एक ग्राहक,
नाशिक